न जुळणारी नडगी : उपादान आणि निमित्त

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



जैन कर्मसिद्धांतात नामकर्माच्या प्रकृतींमध्ये 'संहनन' या प्रकृतीचा समावेश आहे. संहनन म्हणजे हाडांची बांधणी. शास्त्रकारांनी तिचे सहा प्रकार सांगितले आहेत : वज्रवृषभनाराच, वज्रनाराच, नाराच, अर्धनाराच, कीलक आणि असंप्राप्तासृपाटिका. पहिल्या प्रकारात हाड, त्यावरील वेष्टन आणि त्यातील खिळा ही तिन्ही वज्रासारखी अभेद्य असतात. पुढे पुढे ही बांधणी सैल होत जाते. या पंचम काळातील मनुष्याच्या वाट्याला वज्राचे हाड आलेले नाही, हे प्रत्येक स्वाध्यायप्रेमी श्रावकास ठाऊक आहे. रस्त्यावर दुचाकी घसरली की ते कळून चुकते.

वज्राचे नसलेले हे हाड मोडते, परंतु ते जुळतेही. शरीरातील हा एक मोठा चमत्कार मानावा लागेल. त्वचेची खोल जखम भरली तरी व्रण उरतो. हाड मात्र हाडानेच भरून येते आणि काही वर्षांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये मोडल्याची जागा शोधूनही सापडत नाही. मग काही रुग्णांच्या बाबतीत महिन्यांमागून महिने लोटले तरी ते जुळत का नाही? आणि जुळत नाही तेव्हा काय करावे? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे, आणि तो नडगीच्या हाडापुरता मर्यादित ठेवला आहे. कारण लांब हाडांमध्ये न जुळण्याचे दुखणे सर्वाधिक भोगावे लागते ते याच हाडाला.

नडगीच का?

गुडघ्याखाली पुढच्या बाजूने बोट फिरवून पाहावे. त्वचेखाली लगेच हाड लागते. मांडीच्या हाडाला सर्व बाजूंनी मांसाचे जाड आवरण आहे. नडगीची आतली बाजू मात्र गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जवळजवळ उघडीच आहे. त्यामुळे आघात झाला की मोडलेले टोक त्वचा फाडून बाहेर येण्याचा संभव येथे अधिक. अशा उघड्या अस्थिभंगात रस्त्यावरची माती आणि जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात.

दुसरे कारण रक्तपुरवठ्याचे. नडगीला आतून रक्त पुरवणारी मुख्य धमनी हाडाच्या वरच्या भागात मागील बाजूने आत शिरते आणि खाली उतरत जाते. हाड मधोमध मोडले की ही वाट तुटते. मग खालच्या तुकड्याला सभोवतालच्या मांसातून मिळेल तेवढ्या रक्तावर भागवावे लागते, आणि घोट्याच्या वरच्या भागात तर मांसही थोडेच असते.

तिसरे कारण शेजाऱ्याचे. नडगीला लागून बाहेरच्या बाजूस एक बारीक हाड आहे. पुष्कळदा ते आधी जुळून जाते आणि मग दोन टोकांमध्ये टेकूसारखे उभे राहून नडगीच्या तुकड्यांना एकमेकांवर नीट टेकू देत नाही. अशा वेळी शल्यविशारद त्या बारीक हाडाचा लहानसा तुकडा काढून टाकतात. हे ऐकून रुग्ण घाबरतो. 'जुळलेले हाड पुन्हा का मोडता?' असे तो विचारतो. त्याचे उत्तर एवढेच की, टेकू निघाल्यावाचून मुख्य हाडावर भार येत नाही, आणि योग्य तेवढा भार हेच हाडाचे खाद्य आहे.

हाड कोण जुळवतो?

सर्वसामान्य समजूत अशी की, डॉक्टर हाड जोडतो. काटेकोर बोलायचे तर असे घडत नाही. सळई, पट्टी, प्लास्टर यांपैकी कोणतीही वस्तू हाड जोडत नाही. अस्थिभंगाच्या जागी साखळलेल्या रक्तातून हळूहळू नव्या पेशी निर्माण होतात. दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो, पुढील महिन्यांत त्यात कॅल्शियम साठून तो कठीण होतो आणि नंतर दीर्घ काळ त्याला मूळ आकार येत राहतो. हे सारे काम हाडाचे स्वतःचे आहे.

येथे आपल्या परंपरेतील एक जोडी आठवते : उपादान आणि निमित्त. घडा घडतो तो मातीचा. माती हे उपादान. कुंभार, चाक, दंड ही निमित्ते. कुंभाराने कितीही चाक फिरवले तरी वाळूचा घडा होणार नाही, आणि उत्तम माती पडून असली तरी निमित्त जुळल्याखेरीज घडा दिसणार नाही. तत्त्वचर्चेत या जोडीचा अर्थ फार खोल आहे. येथे ती केवळ दृष्टांतापुरती घ्यावयाची आहे. हाड जुळण्यात जिवंत, रक्त असलेले अस्थी-ऊतक हे उपादान. तुकड्यांची स्थिरता, योग्य भार, जंतुविरहित जागा ही निमित्ते. न जुळणाऱ्या नडगीच्या उपचारातील पहिला प्रश्न हाच असतो : कमी कोठे पडले? उपादानात की निमित्तात?

किती थांबावे?

बंद अस्थिभंग असलेली नडगी सर्वसाधारणपणे चार ते पाच महिन्यांत जुळते. उघडी जखम, हाडाचा चुरा, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर अधिक वेळ लागतो. दुखापतीला नऊ महिने लोटले आणि शेवटच्या तीन महिन्यांतील एक्स-रेमध्ये काहीच प्रगती दिसली नाही, तर हाड 'जुळत नाही' असे धरण्याची वैद्यकीय रूढी आहे. डॉक्टर त्यास 'नॉन-युनियन' म्हणतात. परंतु हा नियम पंचांगासारखा पाळावयाचा नाही. हाडाचा मोठा तुकडाच अपघातात रस्त्यावर पडला असेल, तर नऊ महिने वाट पाहण्यात काही अर्थ नाही. ती पोकळी आपोआप भरणार नाही हे पहिल्याच दिवशी उघड असते.

न जुळलेले हाड ओळखण्याची खूण रुग्णाजवळच असते. पाय टेकताच त्याच जागी कळ येते, मोडल्या जागी किंचित हालचाल जाणवते, पाय वाकडा किंवा आखूड होत जातो. काही वेळा वेदना फारशी नसते, आणि हाच धोका ठरतो. 'दुखत नाही म्हणजे जुळले' असे समजून रुग्ण कामावर जातो आणि एके दिवशी आतली सळई किंवा पट्टी मोडते. धातूचीही सहनशक्ती मर्यादित असते. हाड जुळले नाही, तर प्रत्येक पावलाचा भार त्या धातूवरच पडतो. म्हणून 'सळई मोडली' या तक्रारीचा खरा अर्थ बहुधा 'हाड जुळले नव्हते' असा असतो.

खेड्यापाड्यांत अशा वेळी पाय हाडवैद्याकडे नेला जातो. त्यांच्यापैकी काहींचा हात निष्णात असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि न जुळलेल्या जागेवर वारंवार मालीश करणे म्हणजे जुळू पाहणारा सांधा रोज हलवणे होय, आणि ताज्या अस्थिभंगावर करकचून बांधलेली पट्टी रक्तप्रवाह रोखून पायच गमावण्याची पाळी आणू शकते.

दोन प्रकार, दोन मार्ग

एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञ प्रथम दोन प्रकार वेगळे करतात.

पहिल्या प्रकारात मोडलेल्या दोन्ही टोकांभोवती पुष्कळ नवे हाड दिसते. टोके रुंदावून हत्तीच्या पायासारखी भासतात. वैद्यकीय ग्रंथांतही हेच नाव रूढ आहे. येथे रक्त आहे, पेशी आहेत, जुळण्याची धडपड आहे. मात्र तुकडे स्थिर नाहीत. उपादान समर्थ आहे, निमित्त उणे आहे. अशा रुग्णाला बहुधा बाहेरून हाड आणून घालण्याची गरजच नसते. जुनी सळई काढून, हाडाची आतली पोकळी कोरून थोडी अधिक जाड सळई घालणे, वर-खाली स्क्रूंनी तिला पक्के करणे, किंवा पट्टीने तुकडे घट्ट दाबून धरणे, एवढ्याने काम होते. हाडाच्या पोकळीत लांब सळई घालण्याची आधुनिक पद्धत जर्मनीतील गेरहार्ड क्युन्शर यांनी १९४० च्या सुमारास पुढे आणली. आज नडगीच्या बहुसंख्य अस्थिभंगांत तिचेच सुधारलेले रूप वापरले जाते.

दुसऱ्या प्रकारात टोकांभोवती नवे हाड नसतेच. ती तासलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती होतात. रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि पेशी थकलेल्या असतात. येथे उपादानच दुबळे आहे. केवळ नवी सळई घातली तर कुंभार बदलला, माती तीच राहिली, असे होईल. म्हणून शस्त्रक्रियेत निर्जीव टोके रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत छिलली जातात आणि रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून मऊ, पेशीयुक्त हाड काढून त्या जागी भरले जाते. यास अस्थिरोपण म्हणतात. स्वतःच्या शरीरातले हे हाड आजही सर्वोत्तम मानले जाते. त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर ते परके म्हणून नाकारत नाही.

कुर्गानचा डॉक्टर

यापुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. हाडाचे सहा-सात सेंटिमीटर लांबीचे तुकडेच नष्ट झाले असतील तर? जखम वर्षानुवर्षे पुवाने वाहत असेल तर? एके काळी अशा रुग्णाला पाय कापण्याखेरीज फारसा पर्याय नसे. या प्रश्नाचे एक उत्तर मोठ्या महानगरांतून न येता सायबेरियातील कुर्गान या दूरच्या शहरातून आले.

गाव्रील इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. १९४४ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते कुर्गान प्रांतातील एका खेड्यात डॉक्टर म्हणून गेले. तो महायुद्धाचा काळ होता. न जुळलेल्या, पुवाने भरलेल्या हाडांचे जखमी सैनिक सर्वत्र होते. साधने मात्र तुटपुंजी होती. १९५१ च्या सुमारास त्यांनी एक साधे यंत्र सिद्ध केले. पायाभोवती धातूची कडी, कड्यांना ताणून बांधलेल्या, हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा, आणि कड्यांना एकमेकांशी जोडणारे आटे पाडलेले दांडे. दांड्यांवरील नट फिरवून तुकडे परस्परांवर दाबता येत असत.

असे सांगतात की, एका रुग्णाने नट चुकून उलट दिशेने फिरवले. तुकडे दाबले जाण्याऐवजी दूर सरकू लागले, आणि मधल्या जागेत नवे हाड तयार होताना दिसले. घटना जशी असेल तशी असो. इलिझारोव्ह यांनी पुढील काळात प्रयोगांनी हे तत्त्व सिद्ध केले की, जिवंत ऊतक हळूहळू व सातत्याने ताणले, तर ते वाढते. रूढ प्रमाण असे : हाड निरोगी जागी नाजूकपणे कापावयाचे, काही दिवस थांबावयाचे, आणि मग दररोज एक मिलिमीटर एवढेच सरकवावयाचे, तेही एकदम नाही, तर चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. दांड्याचे आटे असे असतात की, नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. दर सहा तासांनी पाव फेरा. घाई केली तर पोकळीत हाड न होता नुसते तंतू राहतात. फार सावकाश केले तर कापलेली जागा वेळेआधीच जुळून बसते.

याच तत्त्वावर हाडाचा निरोगी तुकडा पोकळीतून दररोज एकेक मिलिमीटर पुढे नेला जातो. त्याच्या मागे नवे हाड तयार होत जाते आणि पुढचे टोक शेवटी पलीकडच्या तुकड्याला जाऊन भिडते. त्या भेटीच्या जागी पुष्कळदा थोडे अस्थिरोपणही करावे लागते.

या पद्धतीची कीर्ती दोन रुग्णांनी जगभर नेली. उंच उडीत १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळवणारे व्हॅलेरी ब्रुमेल यांचा १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात उजवा पाय चिरडला गेला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही नडगी जुळली नाही. १९६८ मध्ये ते कुर्गानला गेले. पाय वाचला, आणि पुढे त्यांनी पुन्हा दोन मीटरहून अधिक उंच उडी घेतली. दुसरे रुग्ण इटलीचे गिर्यारोहक व साहसी प्रवासी कार्लो माउरी. त्यांच्या नडगीचे जुने दुखणे युरोपात बरे झाले नव्हते. सागरी मोहिमेत सोबती असलेल्या रशियन डॉक्टरच्या सल्ल्यावरून ते १९८० मध्ये कुर्गानला गेले आणि बरे होऊन परतले. इटालियन डॉक्टर चकित झाले. १९८१ मध्ये इटलीतील बेलाज्जो येथे इलिझारोव्ह यांचे व्याख्यान झाले आणि पश्चिमेचे दार उघडले. भारतातही ही पद्धत रुजली. महाराष्ट्रात मोठ्या शहरांबरोबरच अकोल्यासारख्या ठिकाणीही तिच्यासाठी खास केंद्र उभे राहिले. कड्यांऐवजी पायाच्या एकाच बाजूला बसणारी, तुलनेने स्वस्त सरळ पट्टीची यंत्रेही आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.

आधी पू, मग हाड

न जुळण्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग असेल तर क्रम बदलून चालत नाही. मेलेल्या हाडात रक्त पोहोचत नाही. म्हणून रक्तातून जाणारे औषधही पोहोचत नाही. जंतू तेथे सुखाने राहतात. अशा वेळी महिनोन्महिने केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्या घेत राहणे व्यर्थ ठरते. मेलेले हाड आणि जुना धातू काढून टाकणे, खोलवरचे अनेक नमुने तपासून जंतू ओळखणे आणि त्यानुसार औषध देणे, हा मार्ग आहे. नमुना घेण्यापूर्वी काही दिवस प्रतिजैविक थांबवण्यास डॉक्टर सांगतात. रुग्णाने ते ऐकावे. अन्यथा जंतू तपासणीत लपून बसतात.

फ्रान्समधील आलें मास्कले यांनी १९८० च्या दशकात याच टप्प्यासाठी एक कल्पक पद्धत सुरू केली. मेलेले हाड काढून झालेल्या पोकळीत औषधमिश्रित सिमेंटचा गोळा बसवतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे पटल तयार होते. मग ते जपून उघडून सिमेंट काढतात आणि त्या जिवंत पिशवीत रुग्णाचे स्वतःचे हाड भरतात. येथे शल्यविशारद आधी माती तयार करतो आणि मग घडा मागतो.

पाय वाचवावा की नाही?

जयपूर येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे जयपूर फूट आपल्या समाजाला घरच्यासारखा परिचित आहे. असंख्य माणसांना तिने पुन्हा उभे केले. परंतु कृत्रिम पायाच्या शिबिरात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाबद्दल एक प्रश्न मनात यावा : याचा पाय कापण्यापूर्वी तो वाचवता येईल का, हे कोणी तपासले होते का?

या प्रश्नाचे उत्तर नेहमीच 'होय' असेल असे नाही. तळपायाची संवेदना कायमची गेली असेल, रक्तवाहिन्या निकामी झाल्या असतील, रुग्ण वृद्ध व अशक्त असेल, तर पाच शस्त्रक्रियांपेक्षा एक शस्त्रक्रिया आणि उत्तम कृत्रिम पाय हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो. त्यात पराभव नाही. मात्र तो निर्णय ज्ञानाने व्हावा; पैशाच्या चणचणीने किंवा 'नशिबात नव्हते' या शब्दांनी होऊ नये. कर्मसिद्धांत पुरुषार्थ नाकारत नाही. उदयात आलेले दुःख समतेने सोसावे, आणि त्याच वेळी योग्य उपचारही करावा, यात विरोध नाही. म्हणून पाय काढण्याचा सल्ला मिळाल्यास, प्राणावरचे संकट नसेल तर, अशा हाडांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

आहार, व्रत आणि औषध

हाड जुळण्यासाठी प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व 'ड' लागते. शाकाहारात हे सारे मिळू शकते. डाळी, मूग, हरभरा, शेंगदाणे, तीळ, नाचणी, दूध, दही, पनीर यांचे प्रमाण मात्र जाणीवपूर्वक वाढवावे लागते. केवळ भाकरी-भातावर हाड बांधले जात नाही. जीवनसत्त्व 'ड'ची उणीव आपल्या उन्हाच्या देशातही पुष्कळ आढळते. त्यामुळे न जुळणाऱ्या हाडाच्या रुग्णाने त्याची तसेच बी-बाराची तपासणी करून घ्यावी. मधुमेह ताब्यात ठेवावा. आणि तंबाखू सोडावा! विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, कोणत्याही वाटेने शरीरात गेलेले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. व्यसनमुक्तीची प्रतिज्ञा या रुग्णासाठी धर्म तर आहेच, औषधही आहे.

अहिंसाव्रती कुटुंबांसमोर काही विशेष प्रश्न येतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी किंवा पातळ औषध मागता येते. जीवनसत्त्व 'ड-तीन' सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनवतात. वनस्पतिजन्य पर्यायही मिळतात. हाडाच्या पोकळीत भरण्याच्या काही तयार पदार्थांत जनावरांच्या कातडीपासून किंवा हाडांपासून केलेले द्रव्य असते. स्वतःच्या कमरेचे हाड हा तेथील सर्वांत निर्दोष पर्याय होय. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात संकोच कसला? नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस आणि मध वर्ज्य करून 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला, आणि १९४० मध्ये तो आपल्या सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. औषध घेताना अहिंसेचा विचार करणे ही आपली जुनी परंपरा आहे.

चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने ते आधीच सांगावे. पुष्कळ औषधांच्या वेळा दिवसात बसवता येतात. मात्र प्रतिजैविकांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. दीर्घ उपवासाबाबत डॉक्टर आणि गुरुजन या दोघांचेही मार्गदर्शन घ्यावे. जुळत असलेल्या हाडाच्या काळात स्वाध्याय, जप, मौन ही तपे सहज साधणारी आहेत.

औषधदान आणि अभयदान

आता शेवटचा आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एक उदाहरण कल्पावे. पहाटे मोटारसायकलवरून दुधाचे कॅन घेऊन शहरात येणारा तिशीतला एक तरुण. नडगी मोडली, उघडी जखम झाली, सहा सेंटिमीटर हाड गेले. कड्यांचे यंत्र बसले. दररोज एक मिलिमीटर, म्हणजे तुकडा सरकण्यालाच साठ दिवस. नवे हाड कठीण होईपर्यंत यंत्र ठेवावे लागते. दर सेंटिमीटरमागे दीड महिना धरला तरी नऊ महिने झाले. या काळात त्याने रोज तारांभोवतीची त्वचा स्वच्छ करावयाची, गुडघा आणि घोटा हलवत राहावयाचे, आणि यंत्रासकट भार देऊन चालावयाचे.

शस्त्रक्रियेच्या बिलासाठी कोणीतरी धावून येते. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत अस्थिरोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याचे बंधन आहे. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार ते अमलात येते. परंतु तिसऱ्या महिन्यात काय? घरातले दूध विकून झाले, म्हैस विकली, मुलाची फी थकली. पाय सुजतो, तारेजवळ ठणकते. गावकरी म्हणतात, 'हे लोखंड किती दिवस वागवणार?' आणि एक दिवस तो यंत्र काढून टाकण्याचा हट्ट धरतो. हाड अजून कोवळे असते. ते वाकते किंवा पुन्हा मोडते, आणि तोपर्यंतचे सारे श्रम वाया जातात. उपचार फसला तो शस्त्रक्रियागृहात फसलाच नाही. तो घराच्या ओसरीवर फसला.

धर्मादाय संस्थांचे खरे काम या ओसरीवर आहे. ट्रस्टने पन्नास वर्षांत औषधदानाची परंपरा जोपासली, ही समाधानाची बाब आहे. यापुढे औषधदान म्हणजे केवळ बिलाचा धनादेश, असे न मानता रुग्णाचा संपूर्ण काळ दत्तक घेण्याचा विचार व्हावा. नऊ महिन्यांचा शिधा, मुलांची फी, दर महिन्याच्या तपासणीसाठी प्रवासखर्च, आणि आठवड्यातून एकदा घरी जाऊन तारांची स्वच्छता पाहणारा एक कार्यकर्ता. एवढी व्यवस्था एका रुग्णासाठी झाली, तरी एक पाय आणि एक संसार वाचू शकतो. यंत्र काढून चालू लागलेल्या जुन्या रुग्णाची नव्या रुग्णाशी भेट घडवून आणली, तर त्याहून उत्तम. 'माझेही असेच होते' हे वाक्य बरे झालेल्या माणसाच्या तोंडून ऐकले की, भय निम्मे ओसरते.

हा विचार साधू-साध्वींच्या बाबतीतही आवश्यक आहे. पहाटेच्या विहारात महामार्गावर होणारे अपघात आपल्या समाजाने पुष्कळ पाहिले आहेत. पादविहाराचे व्रत घेतलेल्या त्यागीजनांची नडगी मोडली, तर ते दुःख किती वेगळे असते हे सांगावयास नको. विहारात पुढे-मागे परावर्तक जाकिटे घातलेले श्रावक चालणे, ही सर्वांत स्वस्त अस्थिचिकित्सा होय.

चार दानांमध्ये आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान यांची गणना होते. न जुळणाऱ्या नडगीच्या रुग्णाला ही चारही दाने एकाच वेळी हवी असतात : पोटाला आहार, हाडाला औषध, दुखण्याचे नेमके ज्ञान, आणि 'तुझा पाय जाणार म्हणून कोणी तुला सोडून देणार नाही' हे अभय. रुग्णाची सेवा म्हणजे वैयावृत्त्य. शास्त्रकारांनी तिची गणना अंतरंग तपात केली आहे.

हाड स्वतःच जुळते. उपादान त्याचे आहे. डॉक्टर निमित्त, यंत्र निमित्त, आणि नऊ महिने त्याच्या दारी जाणारा श्रावकही निमित्तच. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वर्षांत असे निमित्त होण्याचे भाग्य या ट्रस्टला आणि प्रत्येक सभासदाला लाभो, ही मंगल भावना.

जय जिनेंद्र!